विश्लेषण : इग्नेशियस लोयोला यांना पायी यात्रेत कोणता आनंद सापडला?

उत्तर स्पेनमधील लोयोलापासून कॅटालोनियातील मान्रेसापर्यंत साडेसहाशे किलोमीटरहून अधिक लांबीचा एक यात्रामार्ग आहे. पाठीवर पिशवी टाकून अनेक जण तो पायी पूर्ण करतात. हा मार्ग संत इग्नेशियस लोयोला यांच्या नावाने ओळखला जातो. येशू संघाचे, म्हणजेच जेझुइट संघाचे संस्थापक म्हणून ते जगाला ठाऊक आहेत. मात्र उतारवयात आपली जीवनकहाणी सहकाऱ्याला सांगताना त्यांनी स्वतःचा उल्लेख केवळ यात्रेकरू असा केला. असे का?

तोफगोळ्याने काय बदलले?

इग्नेशियस यांचा जन्म १४९१ मध्ये बास्क प्रांतातील सरदार घराण्यात झाला. मूळ नाव इन्यिगो. तारुण्य दरबारात गेले. उंची कपडे, तलवारबाजी आणि नावलौकिक यांची त्यांना भारी हौस. २० मे १५२१ रोजी पाम्प्लोना येथील किल्ला फ्रेंच सैन्यापासून वाचवताना तोफगोळा लागला आणि त्यांचा उजवा पाय मोडला. घरी आणल्यावर हाड नीट बसले नसल्याने पाय पुन्हा मोडून बसवावा लागला. तरीही गुडघ्याखाली हाडाचा उंचवटा राहिला. तंग बूट घालता यावेत एवढ्यासाठी त्यांनी तो करवतीने कापून घेतला. भूल देण्याची सोय तेव्हा नव्हती. एवढे सोसूनही पाय आखूड राहिला तो राहिलाच.

दोन आनंदांतला फरक कोणता?

अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनी वाचायला वीरकथा मागवल्या. घरात होती ती दोनच पुस्तके : एक ख्रिस्तचरित्र आणि दुसरे संतचरित्रांचे. तीच ते वाचू लागले. कधी एका थोर घराण्यातील स्त्रीसाठी गाजवायच्या पराक्रमाची स्वप्ने ते तासन् तास पाहत, तर कधी संतांप्रमाणे अनवाणी जेरुसलेमला जाण्याची. दोन्ही स्वप्ने पाहताना छान वाटे. मात्र पहिले स्वप्न सरले की मन कोरडे पडे. दुसरे सरल्यावरही प्रसन्नता टिकून राही. हा फरक एक दिवस त्यांच्या ध्यानी आला. क्षणापुरता आनंद वेगळा आणि मागे उरणारा आनंद वेगळा, ही त्यांच्या पुढच्या सगळ्या शिकवणीची पहिली पायरी ठरली.

यात्रा कशी सुरू झाली?

१५२२ च्या सुरुवातीला ते खेचरावर बसून घराबाहेर पडले. मॉन्सेरातच्या डोंगरावरील मठात त्यांनी आयुष्यभराच्या पापांची कबुली दिली. २४ मार्चच्या रात्री अंगावरचे उंची कपडे एका भिकाऱ्याला दिले, गोणपाटाचा झगा चढवला आणि मेरीमातेच्या वेदीसमोर रात्रभर जागरण केले. तलवार आणि खंजीर तिथेच ठेवले. एका पायाला पट्टी होती, म्हणून पादत्राण तेवढे त्याच पायात. पहाटे ते निघाले. पण कपडे चोरल्याच्या संशयाने तो भिकारी पकडला गेल्याचे त्यांना वाटेतच कळले. आपल्या दानाने दुसऱ्याला त्रास झाला, याने त्यांना रडू कोसळले.

मान्रेसात काय घडले?

जवळच्या मान्रेसात काही दिवस थांबायचे म्हणून गेले आणि दहा महिन्यांहून अधिक काळ राहिले. भीक मागून खायचे, केस-नखे वाढू द्यायची, कडक उपास करायचे असा क्रम सुरू झाला. सुरुवातीचा आनंद ओसरला. जुनी पापे नीट सांगितली गेली नाहीत, ही टोचणी लागली. पुन:पुन्हा कबुली देऊनही मन निवेना. जीव द्यावा, असे विचारही मनात येऊ लागले. अखेर, जी टोचणी माणसाला देवापासून दूर लोटते ती देवाची नव्हे, हे त्यांना उमगले आणि जुन्या पापांचा पाढा त्यांनी बंद केला. पुढे कार्दोनेर नदीकाठी बसले असता त्यांना विलक्षण आत्मिक उजेड जाणवला. तो क्षण त्यांना आयुष्यभराच्या शिक्षणापेक्षा मोठा वाटत राहिला. इथल्याच टिपणांतून ‘आध्यात्मिक साधना’ हा त्यांचा ग्रंथ आकाराला आला. १५४८ मध्ये त्याला पोपची मान्यता मिळाली.

जेरुसलेममध्ये का राहता आले नाही?

सप्टेंबर १५२३ मध्ये ते जेरुसलेमला पोहोचले. उरलेले आयुष्य तिथेच घालवायचा त्यांचा बेत होता. मात्र तिथल्या पवित्र स्थळांची व्यवस्था पाहणाऱ्या फ्रान्सिस्कन साधूंनी सुरक्षेच्या कारणावरून नकार दिला आणि न ऐकल्यास धर्मबहिष्काराची ताकीद दिली. निघण्यापूर्वी ते एकटेच ऑलिव्ह पर्वतावर गेले. तिथे ख्रिस्ताची पाऊलखुणा मानली जाणारी शिळा आहे. पहारेकऱ्यांना चाकू देऊन त्यांनी दर्शन घेतले. पावले कोणत्या दिशेला आहेत हे पाहायचे राहिले, म्हणून परत गेले आणि या वेळी कात्री दिली. मठाच्या सेवकाने त्यांना शोधून काढले आणि रागाने दंड धरून ओढत नेले. त्या वाटेवरही ख्रिस्त सोबत असल्याचे त्यांना जाणवत राहिले आणि मन आनंदाने भरून गेले. जेरुसलेम सुटत होते, आनंद मात्र सुटला नाही.

मग यात्रा संपली का?

परतल्यावर वयाच्या तिशीनंतर ते बार्सिलोनात लॅटिनचे धडे गिरवू लागले. अभ्यासाला बसले की मनात भक्तीचे उमाळे येत आणि पाठांतर राहून जाई. प्रार्थनेत मात्र ते तितके येत नसत. हा आनंद हातातले काम सोडायला लावतो, म्हणजे तो खरा नव्हे, असे ठरवून त्यांनी अभ्यास चुकवणार नाही, असा शब्द शिक्षकांना दिला. १५२८ मध्ये ते पॅरिसला गेले. तिथे फ्रान्सिस झेवियर यांच्यासारखे सोबती लाभले. १५ ऑगस्ट १५३४ रोजी माँमार्त्र येथे सात जणांनी जेरुसलेमला जाण्याचे व्रत घेतले; न जमल्यास पोप सांगतील ते काम करायचे ठरले. पुढे व्हेनिस आणि तुर्क यांच्यातील युद्धामुळे जहाजच मिळाले नाही. सगळे रोमला गेले. १५४० मध्ये येशू संघाला मान्यता मिळाली.

गोव्याशी आणि मराठीशी नाते कोणते?

त्याच वर्षी झेवियर रोमहून निघाले आणि ६ मे १५४२ रोजी गोव्यात उतरले. दोघा मित्रांची पुन्हा भेट झाली नाही. याच संघाचे फादर थॉमस स्टीफन्स यांनी पुढे मराठीत ‘क्रिस्तपुराण’ रचले.

इग्नेशियस यांची अखेरची वर्षे मात्र रोममध्येच गेली. हजारो पत्रे, हिशेब, नेमणुका, आजारपण यांत ते गुंतलेले असत. ३१ जुलै १५५६ रोजी त्यांचे निधन झाले. १६२२ मध्ये त्यांना आणि झेवियर यांना एकाच दिवशी संतपद मिळाले. चालणे थांबले, तरी त्यांनी स्वतःला यात्रेकरूच म्हटले. कोणता आनंद टिकतो आणि कोणता विरतो, हे रोज तपासत राहणे हीच त्यांच्या लेखी यात्रा होती.