समजून घ्या : १०० दिवस सील-मासे खाणारे डॉ. सिंक्लेअर कोण होते? फिश ऑइलने हृदयाचे ठोके सुधारतात का?

फिश ऑइलची कॅप्सूल आज कोणत्याही मेडिकलमध्ये मिळते. त्यामागच्या कल्पनेसाठी ह्यू सिंक्लेअर यांनी स्वतःचे शरीर पणाला लावले होते.

१९१० मध्ये एडिंबरात जन्मलेले सिंक्लेअर ऑक्सफर्डमध्ये आहारावर संशोधन करत. इतकी चरबी खाऊनही आर्क्टिकमधल्या इन्युइटांना हृदयविकार कमी का, हा त्यांचा प्रश्न होता. आहारात आवश्यक स्निग्धाम्ले कमी पडतात म्हणून हृदयविकार वाढतो, असे त्यांनी १९५६ मध्ये 'लॅन्सेट'मधील पत्रात मांडले. त्यावर वाद झाला.

१९७९ मध्ये, सत्तरीला टेकलेले असताना, त्यांनी १०० दिवस इन्युइटांसारखा सील आणि माशांचा आहार घेतला. जखमेतले रक्त थांबायला काही मिनिटांऐवजी सुमारे ५० मिनिटे लागू लागली. रक्ताची गुठळी होणे मंदावले, पण रक्तस्रावाचा धोकाही दिसला.

१९९० मध्ये त्यांचे निधन झाले. पुढे प्रश्न आला : हृदयशस्त्रक्रियेनंतर ठोके अनियमित होतात, ते हे तेल रोखते का? २०१२ च्या 'ओपेरा' चाचणीत १,५१६ रुग्ण होते. फिश ऑइल घेणाऱ्यांपैकी ३० टक्के, तर ऑलिव्ह तेलाची कॅप्सूल घेणाऱ्यांपैकी ३०.७ टक्के रुग्णांना हा त्रास झाला. म्हणजे फरक जवळपास नाहीच.

बायपास ठरली असेल, तर कॅप्सूल सुरू असल्याचे सर्जनना आधीच सांगा.