बाणेदार रखमाबाई

डॉक्टर रखमाबाईंचे नाव आपल्यापैकी बहुतेकींनी ऐकलेले असते. लग्नाचा खटला लढलेली आणि पुढे डॉक्टरीण झालेली बाई, एवढे ठाऊक असते. परंतु त्या खटल्यात भांडण नेमके कशाचे होते, हे पुष्कळ भगिनींना सांगता येत नाही. म्हणून मंडळाच्या या स्मरणिकेसाठी त्यांचे चरित्र थोडक्यात लिहीत आहे.

रखमाबाईंचा जन्म मुंबईस 22 नोव्हेंबर 1864 रोजी झाला. आईचे नाव जयंतीबाई, वडिलांचे जनार्दन पांडुरंग. मुलगी अगदी लहान असतानाच वडील वारले. आई तेव्हा अवघी 17 वर्षांची होती. त्यांच्या सुतार ज्ञातीत विधवेला पुन्हा लग्न करता येत असे. जयंतीबाईंनी पहिल्या नवऱ्याची मिळकत मुलीच्या नावावर करून दिली आणि काही वर्षांनी डॉक्टर सखाराम अर्जुन यांच्याशी लग्न केले. सखाराम अर्जुन हे मुंबईतले नामांकित डॉक्टर आणि झाडपाल्याचे मोठे जाणकार.

घर असे सुशिक्षित, तरी रूढी काही चुकली नाही. वयाच्या 11 व्या वर्षी रखमेचे लग्न दादाजी भिकाजी यांच्याशी लागले. दादाजी तेव्हा विशीच्या आसपास होते. जावयाने सासऱ्यांकडे राहून शिकावे, असे ठरले होते. पण त्यांचे मन शाळेत रमले नाही. ते आपल्या मामाकडे राहू लागले. रखमा मात्र आईपाशीच राहिली. तिची शाळा सुटली, पण वाचन सुटले नाही. घरच्या घरी ती इंग्रजी शिकली आणि जाणती झाली.

1884 साली दादाजींनी बायकोला नांदायला पाठवा म्हणून निरोप धाडला. रखमाबाई आता 20 वर्षांच्या होत्या. त्यांनी जाण्यास नकार दिला. दादाजींनी मुंबईच्या हायकोर्टात दावा लावला. पुढच्याच वर्षी सखाराम अर्जुन वारले आणि मायलेकींचा मोठा आधार गेला.

खटला न्यायमूर्ती पिन्हे यांच्यापुढे चालला. सप्टेंबर 1885 मध्ये त्यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला. अजाण वयात लावून दिलेल्या लग्नासाठी जाणत्या बाईला तिच्या मनाविरुद्ध पुरुषाच्या स्वाधीन करता येणार नाही, असे त्यांचे मत पडले. त्याच वर्षी रखमाबाईंनी टाइम्स ऑफ इंडियात एक हिंदू स्त्री या नावाने पत्रे लिहून बालविवाहाने मुलींची काय दैना होते ते मांडले होते. सगळीकडे एकच गहजब उडाला. दादाजींनी वर अपील केले. 1886 साली ते मंजूर होऊन खटला पुन्हा चालवण्याचे ठरले. मार्च 1887 मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम केला की रखमाबाईंनी नवऱ्याकडे जावे, नाही तर सहा महिन्यांपर्यंतचा तुरुंग भोगावा. रखमाबाईंनी कळवले की त्या तुरुंगात जातील, पण नांदायला जाणार नाहीत.

भगिनींनो, इथे जरा थांबून विचार करावा. हा दावा आपल्या धर्मशास्त्रातला नव्हता. तो विलायतेच्या चर्चच्या कोर्टांतून इकडे आलेला. खुद्द इंग्लंडमध्ये 1884 साली या गुन्ह्याची तुरुंगाची शिक्षा रद्द झाली होती. हिंदुस्थानात ती तशीच राहिली. त्या काळी मोठमोठी माणसे आणि वर्तमानपत्रे, लोकमान्य टिळकांची पत्रेही त्यांत होती, रखमाबाईंच्या विरुद्ध होती. परक्या सरकारने आमच्या घरात आणि धर्मात हात घालू नये, असे त्यांचे म्हणणे. ते म्हणणे वावगे नव्हते. पण सरकारने घरात येऊ नये म्हणावे, आणि बाई ऐकत नाही म्हणून त्याच सरकारचा शिपाई बोलवावा, हे कसे जुळायचे? सरकार उंबऱ्याबाहेर राहायचे, तर ते दोघांच्याही बाबतीत बाहेर राहिले पाहिजे.

कोणी म्हणेल, रखमाबाईंनाही लग्नाच्या वयाचा कायदा हवाच होता की. होय, हवा होता. पण 11 वर्षांच्या पोरीला नाही म्हणता येत नाही. तिच्यासाठी कायद्याने आडवे उभे राहणे म्हणजे राखण. जाणत्या बाईला हाताला धरून कोणाच्या घरात ढकलणे म्हणजे जबरदस्ती. राखण करावी आणि जबरदस्ती करू नये, एवढीच सरकारची मर्यादा. ज्याच्या हाती सत्ता आहे, मग तो राजा असो, कोर्ट असो की घरातला वडीलधारा असो, त्याला हाच नियम लागू.

शेवटी रखमाबाईंना तुरुंगात जावे लागले नाही. जुलै 1888 मध्ये तडजोड झाली. दादाजींनी 2000 रुपये घेऊन हुकमाची बजावणी सोडून दिली. पुढे त्यांनी दुसरे लग्न केले. खटल्याच्या गाजावाजाचा परिणाम दूरवर झाला. 1891 साली संमतिवयाचा कायदा होऊन मुलीचे वय 10 वरून 12 झाले, त्याआधीच्या चर्चेत हा खटला वारंवार निघत असे.

कामा इस्पितळाच्या डॉक्टर एडिथ पेची आणि इतर हितचिंतक यांच्या मदतीने रखमाबाई विलायतेस गेल्या. 1889 साली लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय शाळेत त्यांनी नाव घातले आणि 1894 साली डॉक्टर होऊन त्या परत आल्या. सुरतेच्या बायकांच्या इस्पितळात त्यांनी वीस वर्षांहून अधिक काळ काम केले, नंतर राजकोटला. 1904 साली दादाजी वारले, तेव्हा त्या पांढरे लुगडे नेसू लागल्या. पुष्कळांना याचे नवल वाटते. मला वाटत नाही. जे कोर्टाच्या हुकमाने केले नाही, ते त्यांनी आपल्या मनाने केले.

25 सप्टेंबर 1955 रोजी त्यांचे निधन झाले. वय 90 वर्षांचे होते. त्याच वर्षी मे महिन्यात हिंदू विवाह कायदा लागू झाला होता. त्यात बाईला घटस्फोट मिळाला, पण नांदायला आणण्याच्या दाव्याचे कलम राहिलेच. तुरुंगाची शिक्षा मात्र त्याआधीच, 1923 साली, कायद्यातून काढून टाकली होती. त्या कलमावर पुढेही वाद झाले. 1983 साली आंध्रच्या हायकोर्टाने ते घटनेविरुद्ध ठरवले, तर 1984 साली सर्वोच्च न्यायालयाने ते योग्य ठरवले.

म्हणजे रखमाबाईंनी विचारलेला प्रश्न त्यांच्याबरोबर संपला नाही. आपल्या मंडळात लेकीबाळींची लग्ने ठरतात, सुना येतात, कधी कोणी माहेरी परत येते. अशा वेळी चार बायका जमल्या म्हणजे त्या मुलीला काय वाटते, हे आधी तिला विचारावे. रखमाबाईंना कोणी विचारले नव्हते, म्हणून त्यांना कोर्टात सांगावे लागले.