६७ दिवसांचे पंतप्रधानपद

काँगोचे पहिले पंतप्रधान पॅट्रिस लुमुम्बा यांचा घात अनेकांनी केला. पण त्या घाताची वाट एका उसन्या संविधानातील एका वाक्याने मोकळी करून दिली होती.

५ सप्टेंबर १९६०ची रात्र. लिओपोल्डव्हिलच्या नभोवाणीवरून काँगोचे राष्ट्राध्यक्ष जोसेफ कासावुबू यांनी पंतप्रधान पॅट्रिस लुमुम्बा यांना पदावरून दूर केल्याची घोषणा केली. त्याच रात्री, त्याच केंद्रावरून लुमुम्बा यांनी राष्ट्राध्यक्षच पदच्युत झाल्याचे देशाला सांगितले. काँगो स्वतंत्र होऊन तेव्हा अवघे ६७ दिवस झाले होते. पाच महिने उलटण्याआधीच या दोघांपैकी एकाला ठार मारण्यात आले.

आफ्रिकेतील अनेक नवस्वतंत्र देशांत पंतप्रधानपद अल्पायुषी ठरले. घानात १९६० मध्ये एन्क्रुमा यांनी, केनियात १९६४ मध्ये केन्याटा यांनी आणि युगांडात १९६६ मध्ये ओबोटे यांनी स्वतः राष्ट्राध्यक्ष होऊन आपले जुने पद मिटवले. तेथे पंतप्रधानाने राष्ट्रप्रमुखाला गिळले. काँगोत उलट घडले. त्यामुळे लुमुम्बा यांचे चरित्र हे एका पदाचेही चरित्र आहे.

लुमुम्बा यांचा जन्म २ जुलै १९२५ रोजी कासाई प्रांतातील ओनालुआ या खेड्यात, तेतेला समाजातील शेतकरी कुटुंबात झाला. मिशनच्या शाळांत जुजबी शिक्षण घेऊन ते स्टॅनलेव्हिलला टपाल खात्यात कारकून झाले. बाकीचे शिक्षण त्यांनी वाचनातून, संस्थांच्या कामातून आणि वृत्तपत्रांतील लेखनातून स्वतःच मिळवले. युरोपीय रीतिरिवाज आत्मसात केलेल्या मूठभर काँगोली लोकांना वसाहत सरकार ‘सुधारलेले’ म्हणून वेगळे ओळखपत्र देत असे. लुमुम्बा यांनीही ते खटपटीने मिळवले. १९५५ मध्ये राजे बोद्वँ काँगोच्या दौऱ्यावर आले असता त्यांची भेट झाली, पुढच्याच वर्षी बेल्जियमचा दौरा घडला. त्या काळात त्यांचा विश्वास बेल्जियम आणि काँगो यांच्या सहजीवनावर होता. स्वातंत्र्याची मागणी त्यांच्या लिखाणात अद्याप आलेली नव्हती.

१९५६ मध्ये टपाल खात्यातील रकमेच्या अपहाराबद्दल त्यांना अटक होऊन शिक्षा झाली. हा प्रसंग त्यांच्या विरोधकांनी अखेरपर्यंत वापरला आणि चाहत्यांनी तो झाकण्याचा प्रयत्न केला. दोन्हींची गरज नाही. १९५७ मध्ये तुरुंगातून सुटल्यावर ते राजधानी लिओपोल्डव्हिलला आले आणि एका बीअर कंपनीच्या विक्रीचे काम पाहू लागले. शहरातील गुत्त्यांतून फिरताना त्यांना श्रोते मिळाले. फ्रेंच, लिंगाला, स्वाहिली आणि तेतेला या चार भाषांत ते बोलू शकत. जेथे बहुतेक नेते आपापल्या जमातीच्या भाषेत अडकले होते, तेथे ही मोठी शक्ती होती.

ऑक्टोबर १९५८ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह ‘काँगो राष्ट्रीय चळवळ’ हा पक्ष स्थापन केला. कासावुबू यांचा ‘अबाको’ पक्ष काँगो नदीच्या मुखाकडील बाकाँगो लोकांचा होता, मोईस शोम्बे यांचा ‘कोनाकात’ कटांगा या खनिजसमृद्ध प्रांताचा. सगळ्या देशाचा म्हणवून घेणारा आणि एकसंध केंद्राची मागणी करणारा मोठा पक्ष प्रामुख्याने लुमुम्बा यांचाच होता. डिसेंबर १९५८ मध्ये अक्रा येथील अखिल आफ्रिकी परिषदेला ते उपस्थित राहिले आणि परतले ते तात्काळ स्वातंत्र्याची मागणी घेऊनच. जानेवारी १९५९ मध्ये राजधानीत उसळलेल्या दंगलीने बेल्जियम हादरला. त्याच वर्षाअखेर स्टॅनलेव्हिलमधील दंगलीबद्दल लुमुम्बा पुन्हा तुरुंगात गेले. मात्र ब्रुसेल्समध्ये सुरू झालेली गोलमेज परिषद त्यांच्याविना पुढे सरकेना. कैद्याला कोठडीतून काढून थेट वाटाघाटींच्या मेजावर बसवावे लागले. तेथे स्वातंत्र्याची तारीख ठरली : ३० जून १९६०. हातात अवघे चार महिने होते.

त्या चार महिन्यांत काय उभे करायचे होते? भारताच्या दोन तृतीयांशाहून अधिक क्षेत्रफळ असलेला हा देश. त्यात काँगोली विद्यापीठ पदवीधर बोटांवर मोजण्याइतके. सुमारे २५ हजारांच्या सैन्यात अधिकारी सुमारे एक हजार आणि त्यांतला एकही काँगोली नव्हता. मे महिन्यातील निवडणुकीत लुमुम्बा यांच्या पक्षाला कनिष्ठ सभागृहातील १३७ पैकी ३३ जागा मिळाल्या. तोच सर्वांत मोठा पक्ष होता. डझनभर पक्षांची मोट बांधून त्यांनी सरकार उभे केले आणि सभागृहाचा विश्वास मिळवला तो ७४ मतांनी. या तडजोडीचा भाग म्हणून राष्ट्राध्यक्षपद कासावुबू यांच्याकडे गेले. एकाला संघराज्य हवे होते, दुसऱ्याला बळकट केंद्र. दोघांनाही एकाच संविधानाखाली नांदायचे होते.

ते संविधान बेल्जियमच्या संसदेने १९ मे १९६० रोजी ‘मूलभूत कायदा’ म्हणून मंजूर केले होते आणि त्याचा साचा बेल्जियमच्या १८३१च्या संविधानाचा होता. बेल्जियममध्ये मंत्र्यांची नेमणूक आणि बरखास्ती राजा करतो, असे लिहिलेले आहे. सव्वाशे वर्षांच्या व्यवहाराने त्या अधिकाराला वेसण घातली होती. संसदेचा विश्वास असलेल्या सरकारला राजाने स्वतःच्या मर्जीने घरी पाठवणे तेथे कल्पनेपलीकडचे झाले होते. काँगोच्या मूलभूत कायद्याच्या २२व्या कलमात तोच अधिकार राष्ट्राध्यक्षाला मिळाला. कागदावर त्याला मंत्र्याच्या प्रतिस्वाक्षरीचे बंधन होते, सरकार संसदेला जबाबदार राहील असेही म्हटले होते. पण शब्द तेवढे आले; त्या शब्दांना आवर घालणारी रूढी ब्रुसेल्समध्येच राहिली.

३० जूनच्या सोहळ्यात राजे बोद्वँ यांनी काँगोला खासगी मालमत्तेसारखे वापरणाऱ्या लिओपोल्ड दुसऱ्या यांच्या कार्याचा गौरव केला. कार्यक्रमपत्रिकेवर नाव नसताना लुमुम्बा उठले आणि त्यांनी सक्तीची मजुरी, चाबकाचे फटके, बळकावलेल्या जमिनी आणि वडीलधाऱ्या काळ्या माणसांनाही केले जाणारे अरे-तुरे यांचा पाढा वाचला. काँगोच्या जनतेने ते भाषण कानांत साठवले. ब्रुसेल्सने तो अपमान मानला. पाचच दिवसांत सैन्यात बंड झाले, कारण स्वातंत्र्यानंतरही सैन्यात काही बदलणार नाही, असे बेल्जियन सेनापतीने सैनिकांना सुनावले होते. १० जुलैला बेल्जियमचे सैन्य न विचारता हस्तक्षेप करू लागले. ११ जुलैला शोम्बे यांनी कटांगा वेगळा झाल्याचे जाहीर केले. तांबे, कोबाल्ट आणि युरेनियमची ही भूमी सरकारच्या उत्पन्नाचा कणा होती.

लुमुम्बा आणि कासावुबू यांनी मिळून संयुक्त राष्ट्रांकडे मदत मागितली. १४ जुलैला सुरक्षा परिषदेने ठराव केला आणि फौजा आल्या, पण कटांगाचे बंड मोडण्याचे काम आपले नाही, ही महासचिव डाग हॅमरशोल्ड यांची भूमिका कायम राहिली. जुलैअखेर लुमुम्बा अमेरिकेला गेले. अध्यक्ष आयझेनहॉवर त्यांना भेटले नाहीत. मग ते सोव्हिएत संघाकडे वळले, विमाने आणि मालमोटारी आल्या. वॉशिंग्टनच्या लेखी एवढे पुरेसे होते. पुढे १९७५ मध्ये अमेरिकी सिनेटच्या समितीने उघड केले की, लुमुम्बा यांना विष घालून मारण्याची योजना ‘सीआयए’ने आखली होती.

लुमुम्बा यांच्याही चुका लहान नव्हत्या. ते सल्ला क्वचित ऐकत, निर्णय झटपट घेत आणि दुखावलेल्यांना परत जोडण्याचे भान त्यांना कमी होते. ऑगस्टमध्ये त्यांनी आणीबाणी जाहीर केली, वृत्तपत्रांवर बंधने आणली. दक्षिण कासाईतील फुटीरांविरुद्ध पाठवलेल्या सैन्याने बाकवांगा परिसरात लुबा समाजातील सामान्य माणसांची कत्तल केली. यादवीचा ठपका ठेवत कासावुबू यांनी २२वे कलम बाहेर काढले, तेव्हा त्या आरोपात तथ्यांश होता.

परंतु सरकार नालायक आहे की नाही, हे ठरवायचे कोणी? त्या बरखास्तीवर दोन मंत्र्यांच्या प्रतिस्वाक्षऱ्या होत्या, म्हणजे अक्षराची पूर्तता झाली होती. ७ सप्टेंबरला कनिष्ठ सभागृहाने ६० विरुद्ध १९ मतांनी दोन्ही बरखास्त्या अमान्य केल्या. संसदेने राष्ट्राध्यक्षांना हटवले नाही आणि पंतप्रधानांनाही जाऊ दिले नाही. दुसऱ्या दिवशी वरिष्ठ सभागृहाने ४१ विरुद्ध दोन मतांनी लुमुम्बा यांच्या बाजूने कौल दिला. स्वातंत्र्यानंतर दोन महिन्यांत, अननुभवी सदस्यांच्या त्या संसदेने केलेला हा सर्वांत प्रौढ निर्णय होता. तो कोणी मानला नाही. संयुक्त राष्ट्रांचे तात्पुरते प्रतिनिधी अँड्र्यू कॉर्डियर यांनी शांततेच्या नावाखाली विमानतळ आणि नभोवाणी बंद केली. कासावुबू यांना नदीपलीकडच्या ब्राझाव्हिलची नभोवाणी उपलब्ध होती. लुमुम्बा यांना मात्र ना भाषण करता आले, ना स्टॅनलेव्हिलहून समर्थक आणता आले. १४ सप्टेंबरला लष्करप्रमुख जोसेफ मोबुटू यांनी सत्ता हाती घेतली. त्यांना कर्नल करून लष्करात वर आणणारे लुमुम्बाच होते.

येथून या कथेत एक भारतीय येतो. हॅमरशोल्ड यांचे विशेष प्रतिनिधी म्हणून राजेश्वर दयाळ सप्टेंबरमध्येच लिओपोल्डव्हिलला पोचले होते. मोबुटू यांच्या राजवटीला कायदेशीर आधार नाही आणि संसद हीच उरलेली अधिकृत संस्था आहे, असे त्यांचे मत होते. ऑक्टोबरमध्ये लुमुम्बा यांच्या अटकेसाठी सैनिक आले, तेव्हा संयुक्त राष्ट्रांचा पहारा हलवण्यास दयाळ यांनी नकार दिला. पंतप्रधानांच्या निवासाभोवती मग दोन कडी पडली : आतले संरक्षणाचे, बाहेरचे अटकेसाठी टपलेले. नोव्हेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने कासावुबू यांच्या शिष्टमंडळाला मान्यता दिली आणि लुमुम्बा यांची उरलीसुरली आशा संपली. २७ नोव्हेंबरच्या रात्री ते गुपचूप बाहेर पडून स्टॅनलेव्हिलच्या दिशेने निघाले. वाटेत गावोगाव लोक त्यांना थांबवत, ते बोलत आणि वेळ जात राहिला. सांकुरू नदीच्या परिसरात सैनिकांनी त्यांना गाठले. निवास सोडल्यावर संरक्षणाची जबाबदारी आपली नाही, अशी संयुक्त राष्ट्रांची भूमिका होती.

१७ जानेवारी १९६१ रोजी मॉरिस एम्पोलो आणि जोसेफ ओकितो या दोन सहकाऱ्यांसह त्यांना विमानाने कटांगात, म्हणजे त्यांच्या कट्टर शत्रूंच्या हाती सोपवण्यात आले. त्याच रात्री बेल्जियन अधिकाऱ्यांच्या उपस्थितीत तिघांना गोळ्या घातल्या गेल्या. पुरावा उरू नये म्हणून मृतदेह आम्लात विरघळवले. लुमुम्बा तेव्हा ३५ वर्षांचे होते. ही बातमी फुटल्यानंतर सुरक्षा परिषदेने यादवी रोखण्यासाठी बळाच्या वापरास परवानगी दिली आणि नेहरूंनी भारतीय ब्रिगेड पाठवली. डिसेंबर १९६१ मध्ये एलिझाबेथव्हिल येथे कॅप्टन गुरबचन सिंग सलारिया यांना आलेले वीरमरण आणि त्यांना मिळालेले परमवीरचक्र या धाग्याशी जोडलेले आहे.

लुमुम्बा गेले, पण त्यांचे पद सावरले नाही. १९६५ मध्ये कासावुबू यांनी शोम्बे या पंतप्रधानांनाही असेच हटवले. संसदेने त्यांच्या जागी नेमलेल्या एव्हारिस्त किंबा यांना नाकारले, आणि या कोंडीचे निमित्त करून मोबुटू यांनी २४ नोव्हेंबरच्या रात्री दुसऱ्यांदा सत्ता घेतली. या वेळी कासावुबूही गेले. जून १९६६ मध्ये किंबा यांना जाहीर फाशी दिली गेली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पंतप्रधानपदच रद्द झाले. १९७७ मध्ये ते वेगळ्या नावाने परतले ते हुकूमशहाच्या मर्जीवर जगण्यासाठी. १९९०च्या दशकात एकाच वेळी दोन पंतप्रधान आणि दोन सरकारे असण्याची पाळीही काँगोवर आली.

भारतीय वाचकाला यात परके वाटावे असे थोडेच आहे. राष्ट्रपतींची मर्जी असेपर्यंत मंत्री पदावर राहतील, असे आपल्याही संविधानाच्या अनुच्छेद ७५ मध्ये लिहिले आहे. त्याच अनुच्छेदात मंत्रिमंडळ लोकसभेला सामूहिकरीत्या जबाबदार आहे, असेही आहे. पहिल्या वाक्याचा अर्थ दुसऱ्याने ठरतो, हे आपल्याकडे नेहरू आणि राजेंद्रप्रसाद यांच्या काळातील व्यवहाराने, न्यायालयांच्या निकालांनी आणि पुढे घटनादुरुस्तीने पक्के झाले. राज्यांत राज्यपालांच्या मर्जीचा प्रश्न मात्र अधूनमधून डोके वर काढतो, आणि सरकारचे बहुमत राजभवनात नव्हे तर सभागृहात मोजावे, हे न्यायालयाला बोम्मई खटल्यात स्पष्ट सांगावे लागले. काँगोच्या खासदारांनी ७ सप्टेंबर १९६० रोजी मतदानाने हेच सांगितले होते. त्यांचे ऐकून घेणारी संस्था त्या देशात नव्हती, आणि जगातल्या ज्या संस्थेकडे बळ होते तिने विमानतळ बंद केले.

काँगोने २००६ मध्ये नवे संविधान स्वीकारले. त्यानुसार राष्ट्राध्यक्ष संसदेतील बहुमतातून पंतप्रधान नेमतो; त्याला पदमुक्त करतो ते मात्र त्याने सरकारचा राजीनामा सादर केल्यावरच. या संविधानाखालचे पहिले पंतप्रधान झाले ८१ वर्षांचे अँतवान गिझेंगा, जे १९६० मध्ये लुमुम्बा यांचे उपपंतप्रधान होते. जून २०२२ मध्ये बेल्जियमने लुमुम्बा यांचा एकमेव अवशेष, एक दात, त्यांच्या कुटुंबाला परत केला आणि ३० जूनला, स्वातंत्र्यदिनीच, किन्शासात त्याचे दफन झाले. २२व्या कलमातील ते एक वाक्य बदलायला ४६ वर्षे लागली, आणि त्या वाक्याने पदच्युत केलेल्या पंतप्रधानाला आपल्या भूमीत विसावायला ६१.