हौद, कालवा आणि ‘आसूड’ : महात्मा जोतीराव फुले यांचा पाणीविचार

पुण्यात पाण्याची सोय पेशवाईपासून होती. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून नळ आणून शहरात ठिकठिकाणी हौद बांधले गेले. त्या काळच्या मानाने ही व्यवस्था उत्तम होती. मात्र त्या हौदांवर घागर बुडविण्याचा अधिकार महार-मांगांना नव्हता. कोणी वाढील तेव्हा आणि वाढील तेवढेच पाणी त्यांनी घ्यावयाचे. अशा शहरात 1868 साली जोतीराव फुले यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला. महाडचा सत्याग्रह व्हावयास तेव्हा अजून 59 वर्षे होती.

शाळा, विधवांची प्रसूतिगृहे, सत्यशोधक समाज या कार्यांमुळे तात्यासाहेब आपणां सर्वांस परिचित आहेत. आमच्या शाळेत त्यांची जयंती दरवर्षी साजरी होते आणि भिडेवाड्याचा इतिहास आमच्या लहानात लहान विद्यार्थ्यालाही ठाऊक असतो. परंतु पाणी, माती आणि दुष्काळ यांविषयी एवढ्या तपशिलाने लिहिणारा हा एकोणिसाव्या शतकातील मराठी लेखक होता, ही बाजू भाषणांत क्वचितच येते. इतिहासाच्या पदव्युत्तर वर्गातही ती आम्हांस कोणी शिकविली नाही. म्हणून या स्मरणिकेत तेवढीच बाजू मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

जोतीरावांचा जन्म 1827 सालचा. मूळ घराणे सातारा जिल्ह्यातील कटगुणचे, आडनाव गोऱ्हे. फुलांच्या व्यवसायामुळे फुले झाले. कटगुण हे खटाव तालुक्यातील गाव, म्हणजे पावसाने पाठ फिरविलेल्या मुलखातले. माळ्याच्या घरात जन्मलेल्या मुलाला विहीर, मोट, पाट आणि वाफा यांचे ज्ञान पुस्तकातून मिळवावे लागत नाही. पुढे स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिक्षण झाले आणि 1848 मध्ये मुलींची शाळा सुरू झाली. तो भाग सर्वश्रुत असल्याने येथे विस्तार करीत नाही.

चरितार्थासाठी जोतीरावांनी बांधकामाची कंत्राटे घेतली. मुठा नदीवरील खडकवासला धरणाचे काम 1869 पासून दहा वर्षे चालले, त्या कामाशी त्यांचा कंत्राटदार म्हणून संबंध आला. धरण कसे उभे राहते, मजुरांच्या मजुरीतून कोण किती कापून घेतो, इंजिनिअर साहेब कागदावर काय लिहितो आणि जागेवर काय घडते, हे सर्व त्यांनी डोळ्यांनी पाहिले. धरणाचा कालवा आला तेव्हा मांजरीच्या परिसरात त्यांनी स्वतः बागायती शेती केली. कालव्याच्या पाण्यावर त्यांनी पुढे जी टीका केली ती या अनुभवातून आलेली आहे, हे ध्यानात ठेवावयास हवे.

1876 मध्ये पाऊस पडला नाही आणि दख्खनवर मोठा दुष्काळ कोसळला. जनावरे तडफडून मेली, गावे ओस पडली. सावित्रीबाई तेव्हा जुन्नर-ओतूरच्या भागात मदतकार्य करीत होत्या. तेथून त्यांनी जोतीरावांना पाठविलेले पत्र हा या दुष्काळाचा एक अस्सल दस्तऐवज होय. निराधार मुलांसाठी सत्यशोधक समाजाने धनकवडी येथे बालाश्रम चालविला. मुलांना एकत्र ठेवून, जात न विचारता एका पंक्तीत जेवू घालणारी ही संस्था होती. वसतिगृहात वाढलेल्या आमच्या माजी विद्यार्थ्यांना या गोष्टीचे मोल वेगळे सांगावयास नको.

याच सुमारास जोतीराव पुणे नगरपालिकेचे सदस्य झाले. व्हाइसरॉय लिटन यांच्या 1880 च्या भेटीसाठी एक हजार रुपये खर्च करण्याच्या ठरावास विरोध करणारे ते एकटे सदस्य होते. दुष्काळाची राख अद्याप निवाली नव्हती, हे लक्षात घेतले म्हणजे त्या एका मताचे वजन कळते.

‘शेतकऱ्याचा असूड’ 1883 मध्ये लिहून झाला. पुस्तकाची पाच प्रकरणे. पहिली चार वाचताना संताप येतो. भटशाही, सावकारी आणि सरकारी कचेऱ्या मिळून शेतकऱ्याला कसे सोलतात याचे ते चित्र आहे. पाचवे प्रकरण उपायांचे. आमच्या मते या पुस्तकाचा सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत मोलाचा भाग हाच आहे.

जोतीरावांचे निरीक्षण असे की, पूर्वी डोंगरावरील पालापाचोळा, शेण, मेलेल्या कीटकांचा व जनावरांचा अंश पावसाबरोबर वाहून खालच्या शेतात येई आणि जमिनीस आपोआप खत मिळे. जंगल खात्याने डोंगर व गायराने ताब्यात घेतली, गुरांना चराई उरली नाही, आणि जमिनीचा कस गेला. यावर उपाय म्हणून ते सांगतात की रिकाम्या बसलेल्या लष्कर व पोलीस शिपायांकडून ताली व बंधारे असे बांधून घ्यावेत की पावसाचे पाणी शेतात मुरत मुरत मग ओढ्यानाल्यास मिळेल. डोंगरदऱ्यांत सोयीने होतील तितके तलाव बांधावेत, म्हणजे खालच्या ओढ्यांना उन्हाळ्यातही पाणी राहील आणि विहिरींना पाझर येईल. नदीनाल्यांतील व तलावांतील गाळ शेतकऱ्यास पूर्वीप्रमाणे फुकट नेऊ द्यावा. जमिनीत जेथे दोन मोटांहून अधिक पाण्याचे झरे सापडतील तेथील खुणा गावच्या नकाशावर नोंदवाव्यात, आणि सरकारी मदतीवाचून विहीर बांधणाऱ्यास बक्षीस द्यावे. कालव्याचे पाणी अधिकाऱ्याच्या मर्जीवर न सोडता प्रत्येक शेताच्या अदमासाने तोटी बसवून मोजून द्यावे.

आज ‘माथा ते पायथा’ म्हणून जे शिकविले जाते आणि गाळमुक्त धरणाच्या नावाने जी योजना महाराष्ट्रात चालते, तिचा गाभा याहून फार निराळा नाही. झरे शोधण्यासाठी ते पाणाड्यांवर भिस्त ठेवतात, तेवढे मात्र आजच्या भूजलशास्त्रात बसणार नाही. पण झऱ्यांचा गावनिहाय नकाशा करावा ही कल्पना पाणाड्याहून मोठी आहे.

एक उणीव नमूद करणे आम्हांस आवश्यक वाटते. तोटी ज्याला शेत आहे त्याच्यासाठी. ज्याच्या वाट्याला गुंठाही आला नाही त्या अतिशूद्राच्या पाण्याचे काय, याचे उत्तर ‘असूडा’च्या या प्रकरणात सापडत नाही, ते 1868 च्या हौदात सापडते. पिण्याच्या पाण्याचा हक्क त्यांनी कृतीने दिला, शेतीच्या पाण्यातील भूमिहीनाचा वाटा मात्र लिहावयाचा राहिला. पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीने 1970 नंतर कुटुंबातील माणसांच्या संख्येवर पाणी वाटले आणि भूमिहीनांचाही हक्क मानला. हे पाऊल पडण्यास मध्ये जवळजवळ शतक जावे लागले.

पुस्तकाचे नशीबही शेतकऱ्यासारखेच. ‘दीनबंधु’मध्ये पहिली दोन प्रकरणे छापून झाली आणि पुढची छापण्यास नारायण मेघाजी लोखंडे या सत्यशोधक सहकाऱ्यानेच नकार दिला. जोतीरावांना हे फार लागले. मुंबई, पुणे, ठाणे, जुन्नर, ओतूर, हडपसर येथे त्यांनी तो ग्रंथ वाचून दाखविला. सयाजीराव गायकवाड महाराजांनीही तो ऐकला. ज्यांच्यासाठी लिहिले त्यांपैकी बहुतेकांना अक्षर येत नव्हते, तेव्हा मोठ्याने वाचणे हाच खरा मार्ग होता. जोतीराव 28 नोव्हेंबर 1890 रोजी गेले. महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने त्यांचे समग्र वाङ्मय 1969 साली काढले, तेव्हा कोठे सामान्य वाचकाच्या हाती तो सहजपणे आला.

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बुद्ध आणि कबीर यांच्याबरोबर फुल्यांना आपले गुरू मानले. त्यांनी 20 मार्च 1927 रोजी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना सिंचन आणि वीज ही खाती त्यांच्याकडे होती. दामोदर खोऱ्याची योजना आणि केंद्रीय जलमार्ग, सिंचन व नौकानयन आयोगाची 1945 मधील स्थापना ही त्या कारकिर्दीतील कामे. ते पद सुटले त्याच वर्षी, 1946 मध्ये, शूद्र मूळचे कोण होते याचा शोध घेणारा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. तो त्यांनी जोतीराव फुल्यांना अर्पण केला आहे.