चिनी भाषेचे विद्यार्थी : फादर मत्तेओ रिची

अर्थशास्त्राच्या पदवीबरोबर चिनी भाषा शिकण्याचा विचार कोडोलीसारख्या वारणा खोऱ्यातील गावातल्या विद्यार्थ्याच्या मनात आला, तर घरच्यांना तो जगावेगळा वाटेल. अशा विद्यार्थ्यापुढे येशूसंघीय फादर मत्तेओ रिची ह्यांचे चरित्र ठेवावे, असे आम्हांस वाटते.

६ ऑक्टोबर १५५२ रोजी इटलीतील माचेराता नगरात त्यांचा जन्म झाला. वडील औषधविक्रेते. त्यांनी मुलाला कायद्याच्या अभ्यासासाठी रोमला धाडले. परंतु मत्तेओ १५७१ साली येशूसंघात दाखल झाले. गणित व खगोलशास्त्र ते विख्यात गुरू फादर क्लाव्हियुस ह्यांच्यापाशी शिकले.

१५७८ च्या सप्टेंबरमध्ये ते गोव्यास पोहोचले. १५८० साली कोचीन येथे त्यांना गुरुदीक्षा मिळाली. गोव्यातील त्यांचे वास्तव्य चरित्रकार दोन ओळींत उरकतात, हे आम्हांस खटकते. स्थानिक विद्यार्थ्यांना तत्त्वज्ञान व ईशज्ञान शिकवले तर ते गर्विष्ठ होतील, गरिबांची सेवा करणार नाहीत, असा विचार तेथे बळावला होता. तिशीही न गाठलेल्या ह्या धर्मगुरूने १५८१ साली थेट रोमला, संघाच्या सर्वोच्च वरिष्ठांना पत्र लिहून त्याला विरोध केला. हाच आक्षेप युरोपातील विद्यार्थ्यांवरही घेता येईल, हा त्यांचा मुद्दा बिनतोड होता.

१५८२ मध्ये मकाव येथे त्यांनी चिनी भाषेचा श्रीगणेशा केला. फादर रुज्जेरी ह्यांच्यासमवेत पोर्तुगीज-चिनी शब्दकोश रचला, कन्फ्यूशियसपंथीय ‘चार ग्रंथां’चे लॅटिन भाषांतर केले. आरंभी ते बौद्ध भिक्षूंचा वेश परिधान करीत. परंतु चीनमध्ये खरा मान विद्वानांना आहे, हे ध्यानी येताच १५९५ साली त्यांनी पंडितांची वस्त्रे स्वीकारली. त्याच वर्षी त्यांनी मैत्री ह्या विषयावर चिनी भाषेत पुस्तिका लिहिली. १६०१ साली ते बीजिंगला पोहोचले; बादशहाला नजर केलेली घड्याळे दरबारात फार आवडली. पुढे शू ग्वांगछी ह्या विद्वानाच्या साह्याने त्यांनी युक्लिडच्या भूमितीचे पहिले सहा भाग १६०७ साली चिनी भाषेत आणले. बाप्तिस्मा घेतलेले हेच शू पुढे शेतीवरील मोठ्या ग्रंथाचे कर्ते झाले.

चिनी ख्रिस्ती जनांनी पूर्वजांना वंदन करावे, ह्याला रिचींनी मोकळीक दिली होती. त्यांच्या पश्चात त्यावरून मोठा वाद उठला व रोमने मनाई केली. ती १९३९ साली शिथिल झाली.

११ मे १६१० रोजी फादर रिची प्रभुचरणी विलीन झाले. बादशहाने दफनासाठी बीजिंगमध्ये जागा दिली. परदेशी मिशनऱ्याला असा मान तोवर मिळाला नव्हता. डिसेंबर २०२२ मध्ये परमगुरुस्वामी फ्रान्सिस ह्यांनी त्यांच्या वीरोचित सद्गुणांना मान्यता दिली.