उषा मेहता

उषा मेहता (२५ मार्च १९२० – ११ ऑगस्ट २०००) या भारतीय स्वातंत्र्यसैनिक व गांधीवादी विचारवंत होत्या. १९४२ च्या ‘छोडो भारत’ आंदोलनातील गुप्त काँग्रेस रेडिओमुळे त्या विशेष परिचित आहेत. त्यांचा जन्म सुरतजवळील सरस या गावी व पदवीशिक्षण मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात झाले.

काँग्रेस रेडिओ

दुसऱ्या महायुद्धात सरकारने हौशी रेडिओचे परवाने रद्द केले होते. तरीही ऑगस्ट १९४२ मध्ये बाबुभाई खाकर, चंद्रकांत झवेरी आदी सहकाऱ्यांसह त्यांनी मुंबईतून ४२.३४ मीटर लघुलहरींवर प्रक्षेपण सुरू केले. वृत्तपत्रांवर निर्बंध असताना चिमूर व आष्टी येथील दडपशाहीच्या वार्ता या केंद्राने दिल्या. या लहरींसाठी अर्ध्या तरंगलांबीची एरियलची तार सुमारे २१ मीटर भरते. उंचावर ताणलेली अशी तार दाट वस्तीत लपवणे अवघड असते. त्यातच प्रक्षेपणाचा उगम शोधणारी पोलिसांची वाहने मागावर असत. त्यामुळे केंद्राची जागा वारंवार बदलावी लागे.

अटक व कारावास

एका तंत्रज्ञाने पोलिसांना ठावठिकाणा सांगितला. छापा पडणार हे समजूनही मेहता १२ नोव्हेंबर १९४२ रोजी प्रक्षेपणासाठी गेल्या आणि तेथेच पकडल्या गेल्या. चौकशीत व खटल्यात त्यांनी मौन पाळले. त्यांना चार वर्षांची शिक्षा झाली. १९४६ मध्ये येरवडा कारागृहातून त्यांची सुटका झाली.

उत्तरायुष्य

प्रकृती खालावलेली असतानाही त्यांनी पुढे गांधीजींच्या विचारांवर पीएच.डी. मिळवली व मुंबई विद्यापीठात राज्यशास्त्राचे अध्यापन केले. १९९८ मध्ये त्यांना पद्मविभूषण पुरस्कार प्रदान करण्यात आला.