शोगुनांना तलवार शिकवणारे याग्यू मुनेनोरी कोण होते? युद्धं थांबल्यावरही त्यांची शैली कशी टिकली?

युद्धंच थांबली तर तलवार शिकवणाऱ्यांनी करायचं काय? सतराव्या शतकाच्या सुरुवातीला जपानमधल्या तलवारगुरूंपुढे हा प्रश्न उभा राहिला. याग्यू मुनेनोरी यांनी त्याचं उत्तर शोधलं आणि त्यांच्या घराण्याची 'शिनकागे-ऱ्यू' शैली थेट शोगुनांच्या दरबारात पोहोचली. 'ऱ्यू' म्हणजे गुरूकडून शिष्याकडे जाणारी परंपरा, आपल्याकडच्या गायकीच्या घराण्यासारखी.

वडील हरले आणि शिष्य झाले

मुनेनोरी यांचा जन्म १५७१ मध्ये आजच्या नारा प्रांतातल्या याग्यू खोऱ्यात झाला. वडील मुनेयोशी तिथले जहागीरदार आणि नावाजलेले तलवारबाज होते. १५६३ मध्ये त्यांची गाठ शिनकागे-ऱ्यूचे संस्थापक कामिइझुमी नोबुत्सुना यांच्याशी पडली. या शैलीपुढे मुनेयोशी हरले आणि त्यांनी नोबुत्सुना यांचं शिष्यत्व पत्करलं. दोनच वर्षांत त्यांना शैली पुढे शिकवण्याचा अधिकार मिळाला.

नोबुत्सुना यांनी सरावासाठी चिरलेल्या बांबूवर चामड्याची पिशवी चढवलेली तलवार आणली होती. लाकडी तलवारीच्या सरावात हाडं मोडायची. या तलवारीमुळे शिष्य न घाबरता पूर्ण वार करू लागले.

पुढे टोयोतोमी राजवटीच्या जमीन मोजणीनंतर याग्यूंची जमीन जप्त झाली. घराण्याकडे उरली ती फक्त विद्या.

एका प्रात्यक्षिकाने नशीब पालटलं

१५९४ मध्ये क्योतोजवळ तोकुगावा इएयासू यांच्यासमोर मुनेयोशी यांचं प्रात्यक्षिक झालं. रिकाम्या हातांनी समोरच्याची तलवार काढून घेणं ही त्यांची खासियत होती. इएयासू यांनी स्वतः वार करून पाहिला आणि त्यांच्याच हातची तलवार गेली, असं परंपरा सांगते. इएयासू यांनी लगेच नोकरी देऊ केली. साठी ओलांडलेल्या मुनेयोशी यांनी मात्र आपल्याऐवजी पाचव्या मुलाचं, म्हणजे मुनेनोरी यांचं नाव सुचवलं.

मुनेनोरी यांची सुरुवात २०० कोकूंवर झाली. एक कोकू म्हणजे सुमारे १८० लिटर तांदूळ, ढोबळमानाने एका माणसाला वर्षभर पुरेल इतका.

१६०० च्या सेकिगाहारा लढाईत इएयासू जिंकले आणि याग्यूंना जमीन परत मिळाली. मुनेनोरी पुढे दुसरे शोगुन हिदेतादा आणि तिसरे शोगुन इएमित्सु यांचे तलवारगुरू झाले. १६१५ च्या ओसाका मोहिमेत हिदेतादांवर चालून आलेल्या सात जणांना त्यांनी ठार केल्याचं सांगितलं जातं. त्यानंतर मोठी युद्धं जवळपास थांबली.

'जीव देणारी तलवार' म्हणजे काय?

१६३२ मध्ये मुनेनोरी यांनी 'हेइहो कादेनशो' हा ग्रंथ पूर्ण केला. त्याच्या एका भागाचं नाव 'जीव घेणारी तलवार', तर दुसऱ्याचं 'जीव देणारी तलवार'. शस्त्र मुळात अशुभच, पण एका दुष्टाला रोखून हजारोंचा जीव वाचत असेल तर त्याचा वापर योग्य ठरतो, असा त्यांचा विचार होता. जिंकण्याची हावसुद्धा त्यांनी मनाचा आजार मानली. झेन भिक्षू ताकुआन सोहो यांचा त्यांच्यावर मोठा प्रभाव होता. मन एका जागी, अगदी शत्रूच्या तलवारीवरही अडकलं तर हार ठरलेली, असं ताकुआन यांनी त्यांना लिहून समजावलं होतं.

दुसरी बाजूही आहे

त्याच १६३२ मध्ये मुनेनोरी शोगुनशाहीचे महानिरीक्षक झाले. दाइम्यो म्हणजे मोठ्या सरदारांवर नजर ठेवणं हे त्यांचं काम. म्हणजे संयमाचे धडे देणारा गुरूच सत्तेचा कान आणि डोळा होता. १६३६ मध्ये त्यांची जहागीर १० हजार कोकूंवर गेली आणि ते स्वतः दाइम्यो झाले. या बढतीत तलवारीइतकाच दरबारातल्या विश्वासाचा वाटा होता.

आज काय उरलं?

१६४६ मध्ये मुनेनोरी यांचं निधन झालं. त्यांची एदो, म्हणजे आजच्या टोकियोतली शाखा सत्तेच्या आश्रयाने वाढली. एकोणिसाव्या शतकात शोगुनशाही संपली आणि तिचा मोठा आधार गेला. मुनेनोरी यांचे पुतणे तोशियोशी यांनी मात्र ओवारी, म्हणजे आजच्या नागोया परिसरात वेगळी शाखा रुजवली होती. ती आजही सुरू आहे आणि तिथे सराव होतो तो त्याच चामड्याच्या पिशवीतल्या बांबूने.